घाट, गूळ आणि ग्लायकोजेन

कोल्हापुरातून पहाटे निघून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ असा रस्ता धरला, की सायकलस्वाराची खरी परीक्षा पन्हाळ्याच्या चढावर सुरू होते. सपाटीवर त्याच्या श्रमाचा मोठा भाग हवा कापण्यात जातो. चढावर वेग ताशी 10 किलोमीटरवर उतरला, की हवेचा अडथळा नाममात्र राहतो आणि जवळजवळ सगळी झुंज गुरुत्वाकर्षणाशी होते. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन 8 टक्के चढावरून या वेगाने वर न्यायला सुमारे 190 वॅट शक्ती अखंड द्यावी लागते, आणि पुढच्या सायकलच्या आडोशाला राहूनही त्यात फारशी सूट मिळत नाही.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये 1982 पासून हौशी स्वारांसाठी ‘मार्मोत’ नावाची शर्यत भरते. तिच्या मूळ मार्गात सुमारे 175 किलोमीटर अंतर आणि 5000 मीटर चढाई आहे. 2642 मीटर उंचीची गालिबिए खिंड ओलांडल्यावर अखेरीस आल्प द्युएझची 21 वळणे उरतात. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे 400 मीटर उंच आहे असे धरले, तर एकाच दिवसात तो बारा वेळा चढण्याएवढे हे काम झाले.

ही चढाई पायांना किती महागात पडते, हे गणिताने कळते. 80 किलो वजन 5000 मीटर उचलण्याचे यांत्रिक कार्य सुमारे 940 किलोकॅलरी भरते. पण स्नायू खर्चलेल्या ऊर्जेच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाचेच कामात रूपांतर करतात आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे केवळ उंचीसाठीच 4000 किलोकॅलरींच्या आसपास खर्च येतो. उलट स्नायू आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, फार तर 2000 किलोकॅलरी पुरवते. चरबी मुबलक असते. मात्र तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते, आणि तीव्र श्रमात तेवढ्याने भागत नाही.

करूळ घाट उतरून पुन्हा गगनबावड्यावर चढून परतताना कळे गावाच्या अलीकडे हा साठा संपणे मी अनुभवले आहे. पाय गळाले, हे तर झालेच. पण खिशाची चेन उघडताना बोटे थरथरत होती आणि उरलेल्या अंतराची साधी वजाबाकी डोक्यात जुळेना, कारण रक्तातील ग्लुकोज घटले की पायांबरोबर मेंदूचीही उपासमार होते. बाटलीतली काकवी घोट घोट पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी रस्ता पुन्हा स्पष्ट दिसू लागला.

काकवी आणि गूळ या कामाला का चालतात, याचे उत्तर आतड्यात आहे. ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून एका ठरावीक वाहक प्रथिनामार्फत आत जाते आणि तासाला सुमारे 60 ग्रॅमनंतर ती वाट भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. गुळातील मुख्य साखर, म्हणजे सुक्रोज, पचताना या दोहोंत विभागते, त्यामुळे दोन्ही वाटा एकदम वापरल्या जातात आणि तासाला 90 ग्रॅमपर्यंत साखर पचवता येते. मात्र आतड्यालाही सराव लागतो. शर्यतीच्याच दिवशी प्रथम एवढे खाल्ले, तर पोट बिघडते. म्हणून मी सरावाच्या प्रत्येक फेरीत, भूक लागलेली नसतानाही, वाघबीळच्या आधीच गुळाचा पहिला खडा तोंडात टाकतो.