निधर्मी स्वयंसेवी समुदाय

देव-धर्म मध्ये न आणता, पण चर्च माणसाला जी साथ देतं तशी साथ देणारी, लोकांनी आपणहून उभी केलेली संगत म्हणजे निधर्मी समुदाय. चर्चची साथ म्हणजे काय, तर दर रविवारची ठरलेली वेळ, एकत्र गाणं, पोरांसाठी वेगळा वर्ग, आजाऱ्याच्या घरी जाणारं कोणीतरी, लग्नाला-मयताला उभी राहणारी माणसं आणि नवख्याला बसायला जागा.

कल्पना जुनीच आहे. फ्रान्समध्ये ऑग्युस्त काँतने 19व्या शतकात मानवतेचा धर्म मांडला, 1876 साली न्यूयॉर्कला फेलिक्स ॲडलरने देवाऐवजी नीतीवर भर देणारी एथिकल कल्चर चळवळ सुरू केली आणि जानेवारी 2013 मध्ये लंडनला सँडरसन जोन्स आणि पिपा इव्हान्स या दोन कॉमेडियननी संडे असेंब्ली काढली, तीही एका जुन्या चर्चच्या इमारतीत. पॉप गाणी, एक भाषण, थोडा वेळ शांत बसणं, मग चहा. भराभर शाखा निघाल्या, पुढे बऱ्याच बंदही पडल्या. रिचर्ड सोसिस या अभ्यासकाने 19व्या शतकातले अमेरिकेतले कम्यून, म्हणजे सगळं सामायिक ठेवून एकत्र राहणाऱ्या लोकांच्या वसाहती, तपासले तेव्हाही धार्मिक कम्यूनच जास्त वर्षं टिकलेले दिसले, आणि त्यातही ज्यांचे नियम कडक ते आणखी टिकले, पण निधर्मी कम्यूनना कडक नियमांचा तसा काही फायदा झाला नाही.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावली. निर्मिक, म्हणजे सगळं निर्माण करणारा देव, मानणारा समाज तो, त्यामुळे पूर्ण निधर्मी नाही म्हणता येत, पण लग्नासारखा घरातला प्रसंग हातात घेतला म्हणून तो घराघरात पोचला.

सोलापुरात ही ताकद कामगार संघटनांमध्ये दिसते. विडी वळणाऱ्या बायका, कोणी तेलुगू बोलणारी, कोणी उर्दू, कोणी मराठी, कोणी कन्नड, युनियनमध्ये आल्या, मोर्चे काढले, सहकारी संस्था करून स्वतःचे पैसे घातले, सरकारी हिस्सा भांडून मिळवला आणि शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. याला कोणी समुदाय-बांधणी म्हणत नाही, पण माझ्या मते आहे ती तीच.

शहरातल्या विवेकवादी, पुरोगामी ग्रुपांचं मात्र बहुतेक वेळा व्याख्यानावरच अडतं, भाषण झालं, प्रश्न झाले, खुर्च्या आवरल्या की जो तो आपल्या घरी. आता मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, भाऊबंद-सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. जातीबाहेर लग्न केलं म्हणून भावकीने तोडलेलं जोडपं असेल तर त्यांच्या दारात कडू घास कोणी आणायचा? आपला ग्रुप खरंच समुदाय झालाय का हे इथे कळतं, आणि हे काम ऐनवेळी जमत नाही, आधीपासून यादी लागते, पहिल्या दिवशी कोण, तिसऱ्या दिवशी कोण, दवाखान्यात रात्री कोण झोपणार, पोरांना शाळेत कोण सोडणार. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की समोरचा कधीच सांगत नाही हो, त्यापेक्षा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन थेट जायचं.

बाकी लागतं ते साधंच आहे, आठवड्याचा एक वार जो कितीही कमी माणसं आली तरी चुकवायचा नाही, पोरं दंगा करू शकतील असा हॉल किंवा कोणाची तरी गच्ची, आणि दरमहा दहा रुपये का होईना पण प्रत्येकाची वर्गणी, जिचा हिशोब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो.