सी९ओआरएफ७२

माणसाच्या नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एक जनुक आणि त्यापासून तयार होणारे प्रथिन. नाव कसले, पत्ताच तो : नवव्या गुणसूत्रावरचा, प्रथिनाचा मजकूर असावा असा वाटलेला ७२ वा पट्टा. सातबाऱ्यावर गट क्रमांक आहे, पण पीकपाहणीचा रकाना कोरा, अशी या जनुकाची बरीच वर्षे गत होती.

२०११ मध्ये रोझा रादेमेकर्स आणि ब्रायन ट्रेनर या संशोधकांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की एएलएस (स्नायू लुळे पाडणारा चेतापेशींचा आजार) आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (वागणे-बोलणे बिघडवणारा मेंदूचा आजार) या दोहोंचे मूळ अनेक घराण्यांत इथेच आहे. एका भावाला शर्टाचे बटण लावता येईनासे होते, तर दुसरा चारचौघांत तोंडाला येईल ते बोलू लागतो. बिघाड मात्र एकच. युरोपीय वंशाच्या लोकांत, विशेषतः फिनलंडमध्ये, तो बराच आढळतो, आशियात कमी.

बिघाड प्रथिनाच्या मजकुरात नाहीच. जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या एका तुकड्यात ‘जीजीजीजीसीसी’ ही डीएनएची सहा अक्षरे पुन्हापुन्हा येतात. निरोगी माणसात ही आवर्तने बहुधा दोनपासून वीस-पंचवीसपर्यंत असतात. रुग्णांत शेकडो, कधी हजारो. एवढ्या लांब पट्ट्यातून नेहमीची पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारी) चाचणी पार जाऊ शकत नाही, म्हणून निदानाला वेगळ्या पद्धती लागतात. या आवर्तनांचा आरएनए (डीएनएवरून उतरवलेली नक्कल) पेशीत गोळे करून बसतो, त्याच्यापासून एरवी बनूच नयेत अशा प्रथिनसाखळ्या बनतात, आणि मूळ प्रथिनही कमी पडते. यातले नेमके घातक कोणते, यावर अजून एकमत नाही.

मूळ प्रथिनाचा मोठा प्रकार ४८१ ॲमिनो आम्लांचा आहे. एसएमसीआर८ आणि डब्ल्यूडीआर४१ या प्रथिनांशी जोडी जमवून ते लायसोसोमपाशी, म्हणजे पेशीतला कचरा जिरवणाऱ्या पिशव्यांपाशी, काम करते. उंदरांमधून हे जनुक काढून टाकले तेव्हा त्यांचे पाय लुळे पडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्लीहा आणि लसिका ग्रंथी सुजल्या. चेतापेशींचा आजार शोधताना प्रतिकारशक्तीचा धागा हाती लागला तो असा. प्रथिन कमी झाल्याने एकट्याने एएलएस होत नसावा, हेही त्यातून दिसले. मात्र नको त्या साखळ्यांची विल्हेवाट लावण्याची पेशीची ताकद त्यामुळे घटत असावी, असे मानले जाते.

आवर्तनांचा आरएनए नष्ट करणाऱ्या एका औषधाची एएलएसच्या रुग्णांवरील चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली. मेंदू-मज्जाद्रवातील त्या साखळ्या घटल्या होत्या. रुग्णांना मात्र उतार पडला नाही.