मेरेर मुकादमाची रोजनिशी आणि परग्रहवासीयांचे पिरॅमिड

इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ नावाचे एक निर्जन ठिकाण आहे. तेथील खडकात कोरलेल्या लांबट दालनांत सुमारे 4,600 वर्षांपूर्वी होड्यांचे सुटे केलेले भाग जपून ठेवले जात असत. 2013 साली पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञांच्या चमूला या दालनांपाशी पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, शेकडो तुकडे सापडले. आजवर सापडलेल्या लिखित पपायरसांमध्ये हेच सर्वांत जुने आहेत. त्यांपैकी काही तुकडे मिळून मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी तयार होते. मेरेरच्या हाताखाली सुमारे 40 माणसे होती आणि नाईलच्या पूर्वेकडील तुरा येथील खाणीतून पांढरा चुनखडक होडीत भरून गिझाला पोहोचवणे हे त्या टोळीचे काम होते.

रोजनिशीतील नोंदी अगदी कोरड्या आहेत. 25 तारखेला मेरेर आपल्या माणसांसह तुऱ्याला दगड ओढतो आणि रात्री तेथेच मुक्काम करतो. 26 तारखेला भरलेली होडी सुटते आणि मुक्काम ‘खुफूच्या सरोवरा’शी पडतो; खुफू हा त्या वेळचा इजिप्तचा राजा. 27 तारखेला दगड ‘आखेत-खुफू’ला पोहोचतो आणि 28 तारखेला सकाळीच रिकामी होडी पुन्हा तुऱ्याच्या वाटेला लागते. ‘आखेत-खुफू’, म्हणजे ‘खुफूचे क्षितिज’, हे आपण ज्याला ग्रेट पिरॅमिड म्हणतो त्याचे मूळ नाव आहे. नोंदी खुफूच्या कारकिर्दीच्या 26व्या-27व्या वर्षाच्या सुमाराच्या असून कामावर देखरेख करणारा अधिकारी म्हणून त्यांत खुफूचा सावत्र भाऊ आंखहाफ याचेही नाव येते.

ही रोजनिशी प्रथम सांगण्याचे कारण असे की, 1968 साली एरिख फॉन डेनिकेन या स्विस लेखकाच्या पुस्तकामुळे जगभर पसरलेली ‘प्राचीन अंतराळवीरां’ची, म्हणजे पिरॅमिडसारखी कामे परग्रहवासीयांनी केली अशी, कल्पना आजही आपल्या मोबाईलवर रोज नव्या रूपात येत असते, आणि तिचा सारा भर एकाच वाक्यावर असतो: हे त्या काळच्या माणसांना शक्यच नव्हते. ज्या माणसांनी ते केले त्यांचा हिशेब आणि हस्ताक्षर आपल्या हाती असताना असे म्हणणे मला त्या माणसांवर अन्याय करणारे वाटते.

पिरॅमिड एकाएकी, परिपूर्ण रूपात अवतरले हा या कल्पनेतील पहिला गैरसमज आहे. खुफूच्या आधी सुमारे शंभर वर्षे, सक्कारा येथे राजा जोसेर याच्यासाठी सहा टप्प्यांचा, सुमारे 60 मीटर उंचीचा पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. तो लहान लहान दगडांचा आहे, कारण एवढे मोठे दगडी बांधकाम तोवर कोणी केलेलेच नव्हते. त्यानंतर खुफूचा बाप स्नेफेरू याच्या काळात टप्प्यांचे रूपांतर सपाट उतारात करण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतील चुका आजही उघड्यावर उभ्या आहेत. मैदूम येथील पिरॅमिडचे बाहेरचे थर ढासळून आत नुसता बुरुजासारखा गाभा उरला आहे. दाहशूर येथील वाकडा पिरॅमिड सुमारे 54 अंशांच्या चढाने वर जातो आणि मध्यावर अचानक 43 अंशांपर्यंत मवाळ होतो. बांधकाम चालू असतानाच आतल्या दालनांना तडे जाऊ लागले होते आणि ते पाहून वरचा भार कमी करण्यात आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्याच शेजारचा लाल पिरॅमिड पायापासूनच 43 अंशांचा धरला गेला. या सगळ्या अनुभवानंतर खुफूच्या गवंड्यांनी जवळपास 52 अंशांचा उतार साधला. ज्याला ताऱ्यांपर्यंतचा प्रवास जमतो त्याला उताराचा अंदाज अर्ध्या कामावर बदलावा लागला नसता.

दुसरा आक्षेप आकड्यांचा असतो. ग्रेट पिरॅमिडमध्ये सुमारे 23 लाख दगड आहेत आणि सरासरी दगडाचे वजन अडीच टन भरते. खुफूची कारकीर्द 27 वर्षांची धरली तर दिवसाला सुमारे 233 दगड, म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर अडीच मिनिटांना एक दगड बसवावा लागतो. हा आकडा ऐकताना माणसांची एकच रांग डोळ्यांसमोर येते, पण बांधकामावर अनेक टोळ्या एकाच वेळी अनेक बाजूंनी काम करतात. शिवाय पिरॅमिडचा आकारच बांधणाऱ्यांच्या सोयीचा आहे: उंचीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात एकूण घनफळाचा 70 टक्के भाग सामावतो, आणि निम्म्या उंचीपर्यंत पोहोचेतो सात-अष्टमांश काम उरकलेले असते. अगदी वर चढवायचे दगड फार थोडे असतात.

दगड ओढण्याची रीत इजिप्शियनांनी स्वतःच रंगवून ठेवली आहे. खुफूनंतर सुमारे सहा-सात शतकांनी जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात काढलेल्या चित्रात चार रांगांतील माणसे लाकडी घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा दोरांनी ओढत आहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक माणूस घसरगाडीच्या पुढ्यात पाणी ओतत आहे. हे पाणी बराच काळ धार्मिक विधी समजले जात होते. 2014 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा योग्य प्रमाणात ओलावलेल्या वाळूवर ओढण्यासाठी जवळपास निम्मेच बळ पुरते असे दिसले. ओल्या वाळूचे कण पाण्याच्या सूक्ष्म पुलांनी एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे घसरगाडीपुढे वाळूचा ढीग साचत नाही. उंचावर चढवण्याच्या उतारांची नेमकी रचना कशी होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु हतनूब येथील खाणीत खुफूच्याच काळातील तीव्र चढाचा उतारमार्ग, त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याच्या खाचा 2018 साली आढळल्या. खांबाला दोर वेढून काही माणसे वरून आणि काही खालून ओढत असावीत, असे त्यावरून मानले जाते.

गणिती योगायोगांचे आकर्षण सर्वांत चिवट आहे. पिरॅमिडच्या पायाची परिमिती उंचीने भागली की जवळपास 2π, म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराची (π, ‘पाय’) दुप्पट, मिळते, हे खरे आहे. इजिप्शियन लोक उतार अंशांत मोजत नसत. एक हात उंची गाठताना किती पंजे आत सरकायचे हे ते ठरवत, आणि एका हातात सात पंजे असत. येथे साडेपाच पंजांचा उतार निवडला गेला. उंची 280 हात, त्यामुळे पाया 440 हात आणि परिमिती 1,760 हात. 1,760 भागिले 280 हे बरोबर 22/7 च्या दुप्पट येते. म्हणजे 22/7 हा आकडा साडेपाच आणि सात या साध्या मापांतूनच बाहेर पडला. पिरॅमिडचा अक्षांश 29.9792 आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला 299,792,458 मीटर हा योगायोग तर याहूनही ठिसूळ आहे, कारण मीटर हे माप फ्रान्समध्ये 1790च्या दशकात ठरले. शिवाय 230 मीटरचा पाया अक्षांशाच्या दोन-सहस्रांश अंशाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पुढचे अंक आपण कोणत्या बिंदूवर बोट ठेवतो त्यावर ठरतात.

इजिप्तमधील अबायडोसच्या मंदिरातील हेलिकॉप्टरसारखा दिसणारा कोरीव आकारही पुरावा म्हणून दाखवला जातो; त्याबद्दल थोडक्यात सांगता येते. राजा पहिला सेती याची कोरलेली बिरुदे गिलाव्याने बुजवून त्यांवर दुसऱ्या रामसेसची बिरुदे कोरली गेली, कालांतराने गिलावा गळून पडला आणि दोन्ही कोरीव अक्षरे एकमेकांत मिसळून तो आकार दिसू लागला.

खुद्द ग्रेट पिरॅमिडच्या आतही कामगारांची खूण आहे. राजाच्या दालनावरचा भार वाटून घेणाऱ्या पाच पोकळ्यांपैकी वरच्या चार 1837 साली हॉवर्ड व्हाइस यांनी सुरुंग लावून उघडेपर्यंत बंद होत्या. त्यांच्या भिंतींवर लाल रंगाने खुफूचे नाव आणि ‘खुफूचे मित्र’ अशी टोळीची नावे लिहिलेली आहेत. व्हाइस यांनीच ती रंगवली असा आरोप पुढे झाला, परंतु काही अक्षरे दोन दगडांच्या सांध्यात आत शिरलेली आहेत, जेथे दगड बसल्यानंतर कुंचला पोहोचूच शकत नाही.

ही माणसे गुलाम होती ही समजूतही उत्खननाने मागे सारली. गिझाच्या दक्षिणेला पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी उकरलेल्या वस्तीत पावाच्या भट्ट्या, जाड बुडाची पाव भाजण्याची मातीची भांडी आणि गुरे व शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग मिळाले. 1990 साली एक घोडा कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी उजेडात आली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, मृत्यूनंतर लागणारी भाकर आणि बिअरची भांडी सोबत देऊन या लोकांना पुरले होते. त्यांच्या पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत, आणि काहींच्या हातांची मोडलेली हाडे नीट रेषेत जुळून आलेली आहेत, म्हणजे कोणीतरी ती बसवून बांधून ठेवली होती.

‘हे माणसांना शक्यच नव्हते’ हा दावा आता आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याविषयीही केला जातो, म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही. तेथे भिंतीला तिरपा उजेड लागला की टाकीचे घाव ओळीने दिसतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने हे काम करवले. पुढे सुमारे 812 साली दिलेल्या, बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. त्यात आकाशातून विमानाने जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क होतात, कृत्रिम वस्तूत असे सौंदर्य दिसत नाही असे म्हणतात, आणि ते घडवणारा शिल्पी स्वतःच विस्मयाने उद्गारतो, ‘अहो, हे मी कसे केले!’