कोरोना विषाणूचं जिनोम सिक्वेन्सिंग: कोणाचा नमुना जातो, कोणती माहिती लागते, अहवाल कुठे पोहोचतो

घरात कोणाचा कोविड अहवाल पॉझिटिव्ह आला की हा प्रश्न हमखास निघतो: हा कुठला व्हेरियंट, आणि तो तपासून घ्यायला अर्ज कुठे करायचा? व्हेरियंट कळतो तो जिनोम सिक्वेन्सिंगने, म्हणजे विषाणूचा पूर्ण जनुकसंच अक्षरन् अक्षर वाचून. सरळ उत्तर असं की त्यासाठी रुग्णाने किंवा नातेवाइकांनी भरायचा असा कोणताही अर्ज नाही. विषाणूच्या जनुकीय बदलांवर देशभर नजर ठेवण्याचं काम ‘इन्साकॉग’ ही प्रयोगशाळांची सरकारी साखळी करते आणि पात्रता नमुन्याची पाहिली जाते. तरीही ही प्रक्रिया सर्वांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कारण तिचा पहिला कागद तुमच्यासमोर, स्वॅब घेणाऱ्याच्या टेबलावर भरला जातो. तो अर्धवट राहिला तर पुढची सगळी मेहनत निम्म्या किमतीची होते.

इन्साकॉगची स्थापना डिसेंबर २०२० मध्ये झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचं हे एकत्रित काम, आणि समन्वय दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे, म्हणजे एनसीडीसीकडे. सुरुवातीच्या १० प्रयोगशाळांपैकी दोन पुण्यात होत्या: राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था (एनसीसीएस). पुढे प्रयोगशाळांची संख्या पन्नासच्या वर गेली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतही हे काम झालं. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची सोय उभी केली, एका फेरीत ३८४ नमुने तपासता येतील एवढी. गोव्याचे नमुने मात्र २०२१ मध्ये पुण्याला एनआयव्हीकडे पाठवावे लागत होते.

कोणता नमुना पात्र ठरतो

पहिली अट: आरटी-पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह हवी. घरच्या किटवर दोन रेघा उमटल्या म्हणून नमुना सिक्वेन्सिंगला जात नाही, कारण त्या किटमधून टिकवून ठेवलेला स्वॅब हाती येत नाही. नाक-घशाचा स्वॅब व्हीटीएम या विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या नळीत हवा आणि तो थंड ठेवलेला हवा.

दुसरी अट सीटी व्हॅल्यूची, म्हणजे आरटी-पीसीआर चाचणीत विषाणू दिसेपर्यंत मशीनला किती फेऱ्या कराव्या लागल्या त्या आकड्याची. ही व्हॅल्यू जितकी कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त. २५ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर उत्तम. ३० च्या पुढे गेली की विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा जनुकसंच सलग वाचता येत नाही, मधे मधे तुकडे गळतात. आजार उतरणीला लागल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी दिलेला स्वॅब बऱ्याचदा इथेच बाद होतो. लक्षणं दिसताच चाचणी करून घ्यावी, त्याचं हेही एक कारण.

या दोन अटी पाळणारे सगळेच नमुने पुढे जात नाहीत. निवडीचे मार्ग ठरलेले आहेत. पहिला ठरावीक ठिकाणांचा: २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक राज्याने पाच आरटी-पीसीआर प्रयोगशाळा आणि पाच मोठी रुग्णालयं निवडायची आणि प्रत्येक ठिकाणाहून दर पंधरवड्याला १५ नमुने पाठवायचे. दुसरा घटनांचा: एखाद्या गावात किंवा वसतिगृहात अचानक रुग्णवाढ, लस घेऊनही गंभीर आजार, पुन्हा झालेला संसर्ग, नेहमीपेक्षा वेगळी लक्षणं. तिसरा परदेशातून येणाऱ्या प्रवाशांचा. ओमायक्रॉनच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, जोखमीच्या ठरवलेल्या देशांतून येणाऱ्यांची विमानतळावर चाचणी व्हायची आणि पॉझिटिव्ह नमुना सिक्वेन्सिंगला जायचा. महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण, डोंबिवलीचा, परदेशातूनच आलेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानातल्या २ टक्के प्रवाशांची चाचणी करायचा नियम आला होता. हे नियम साथीच्या चढउताराप्रमाणे बदलतात, म्हणून प्रवासाआधी आरोग्य मंत्रालयाची ताजी सूचना पाहावी.

साथ ओसरल्यानंतर भर रुग्णालयांवर आला. श्वसनाचा तीव्र आजार होऊन दाखल झालेल्या सर्व रुग्णांची आणि फ्लूसदृश आजाराच्या ५ टक्के रुग्णांची चाचणी करावी, अशी २०२५ मधली सूचना होती. दाखल रुग्णांचे पॉझिटिव्ह नमुने आयसीएमआरच्या प्रयोगशाळांमार्फत सिक्वेन्सिंगला जात होते.

कागदपत्रं आणि माहिती

रुग्णाकडून फारसं काही लागत नाही: ओळखपत्र, चालू मोबाइल क्रमांक, लसीकरणाचं प्रमाणपत्र असल्यास ते, आणि परदेश प्रवास झाला असल्यास पासपोर्ट. खरं महत्त्व फॉर्मवरच्या माहितीला आहे. वय, लिंग, जिल्हा आणि पिनकोडसह पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, स्वॅब कोणत्या तारखेला घेतला, लशीचे किती डोस झाले, रुग्ण दाखल आहे का. प्रयोगशाळा त्यात नमुन्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एसआरएफ आयडी, आणि सीटी व्हॅल्यू जोडते.

इथे कंटाळा करू नका, ही हात जोडून विनंती. गावी आजारी पडलेल्या माणसाने आधार कार्डावरचा मुंबईचा पत्ता दिला, तर नवा उपप्रकार मुंबईत सापडल्याची नोंद होते आणि गावातला फैलाव कोणाच्या नजरेत येत नाही. सध्या राहता तो पत्ता सांगा. तारीख चुकली तर प्रकार कधी वाढू लागला हेच कळत नाही.

नमुन्याचा प्रवास

नळी तीन थरांच्या वेष्टनात, थंड पेटीतून निघते. २ ते ८ अंश सेल्सिअसला ती काही दिवस चालते. जास्त काळ ठेवायची तर उणे ७० अंश लागतात. कोणता नमुना कोणत्या प्रयोगशाळेकडे जायचा हे जिल्हा आणि राज्य सर्वेक्षण अधिकारी ठरवतात. तिथे विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, वेगळा काढून त्याचं डीएनएत रूपांतर करतात, मशीनवर वाचतात आणि वुहानमध्ये मिळालेल्या मूळ जनुकसंचाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतात. प्रयोगशाळेतलं काम तीन-चार दिवसांचं असलं तरी नमुने जमवणं आणि वाहतूक धरून आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

हा वेळ किती मोलाचा, हे महाराष्ट्राने सोसलं आहे. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की राज्यातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल डिसेंबरच्या तुलनेत वाढले असून ते १५ ते २० टक्के नमुन्यांत दिसतात. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटलं. तोवर राज्यात दुसरी लाट उसळलेली होती. हे बदल ज्या बी.१.६१७ कुळात दिसले, त्यातलाच बी.१.६१७.२ हा उपप्रकार पुढे जगभर पसरला. त्यात ई४८४क्यू नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ ला त्याचं नाव डेल्टा ठेवलं. त्याच जूनमध्ये रत्नागिरी आणि जळगावच्या नमुन्यांत डेल्टा प्लस, म्हणजे आणखी एक बदल झालेला डेल्टा, सापडला, तेव्हा केंद्राने राज्याला त्या जिल्ह्यांत तातडीने चाचण्या आणि संपर्कशोध वाढवायला सांगितलं. अहवाल कामाला येतो तो असा.

अहवाल मिळतो का

अहवाल एनसीडीसीमार्फत राज्य सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्ह्याकडे जातो. रुग्णाच्या हाती तो देणं हा या व्यवस्थेचा हेतू नाही आणि व्हेरियंट कळला म्हणून औषधं सहसा बदलत नाहीत. निवडलेल्या नमुन्यासाठी रुग्णाला पैसे भरावे लागत नाहीत. कोणी ‘व्हेरियंट सर्टिफिकेट’ देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. शंका असल्यास जिल्हा आरोग्य कार्यालयात विचारा.

ज्यांना अभ्यासासाठी ही माहिती हवी आहे, त्यांच्यासाठी मात्र नोंदणी आहे. ‘जीआयएसएआयडी’ या आंतरराष्ट्रीय संग्रहात स्वतःच्या खऱ्या नावाने, विनाशुल्क खातं उघडता येतं. एक अट कटाक्षाने पाळायची: माहिती वापरताना ती देणाऱ्या प्रयोगशाळांचं श्रेय द्यायचं. फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातही देशातल्या विषाणूंचे जनुकक्रम साठवले जातात. दोन्हीकडे रुग्णाचं नाव किंवा मोबाइल क्रमांक दिसत नाही. दिसतं ते राज्य, कधी जिल्हा, आणि स्वॅब घेतल्याची तारीख.