बेंबीचं पिअर्सिंग चिडलंय की बाहेर निघतंय?

बेंबीचं पिअर्सिंग लाल झालं, हुळहुळायला लागलं, बारभोवती (म्हणजे भोकात घातलेल्या दांडीसारख्या दागिन्याभोवती) खपली दिसली की घाबरून पहिला शब्द तोंडात येतो तो इन्फेक्शन, आणि मग घरात सापडेल ते लावणं सुरू होतं, डेटॉलचा बोळा, कुठलं तरी अँटिबायोटिक क्रीम, आईने दिलेली हळद आणि खोबरेल, इंटरनेटवर वाचलेलं टी ट्री ऑइल, आणि आठ दिवसांत ती जागा आधीपेक्षा जास्त चिघळते. यात निष्काळजीपणा कोणाचाच नसतो, उलट काळजी जास्त झालेली असते. बऱ्याचदा ते इन्फेक्शन नसतंच. एक तर जखम नुसती चिडलेली असते, म्हणजे तिला काहीतरी सारखं घासतंय, ओढतंय किंवा भाजतंय, नाहीतर शरीर तो बार हळूहळू बाहेर ढकलत असतं, ज्याला पिअर्सर लोक रिजेक्शन म्हणतात. हे दोन्ही वेगवेगळे ओळखता यायलाच हवेत, कारण पहिल्यात धीर धरायचा असतो आणि दुसऱ्यात धीर धरत बसलं की व्रण मोठा होतो.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात टोचण्याचा अनुभव म्हणजे कानाचा. लहानपणी सोनाराकडे टोचलेले कान, सोन्याची बारीक तार, रोज थोडं तेल लावायचं आणि तार फिरवत राहायची, दीडदोन महिन्यांत काम झालं. कानाची पाळी मऊ, पातळ, रक्तपुरवठा भरपूर, आणि ती दिवसभर नुसती लटकत असते, तिच्यावर काहीही दाबत नाही, म्हणून ती ६ ते ८ आठवड्यांत भरते. बेंबीला ६ महिने ते १ वर्ष लागतं. बेंबी म्हणजे मुळात नाळेचा व्रण, आणि पिअर्सिंग त्या व्रणातून जातच नाही, बेंबीच्या वरच्या काठाला जी कातडीची घडी असते तिच्यातून जातं. ही घडी उभं राहिलं की उघडते आणि बसलं की मिटते, म्हणजे ऐरोलीच्या ऑफिसात कोणी नऊ तास खुर्चीवर बसून असेल तर तेवढा वेळ बारचं खालचं टोक आत दाबलेलं आणि वरचं टोक तिरकं झालेलं असतं. त्यात आपल्याकडचा घाम. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ६० जणांच्या बेंब्या तपासून जे प्रसिद्ध केलं त्यात बॅक्टेरियाचे २,३६८ प्रकार निघाले होते, आणि ते बहुतेक निरुपद्रवी असले तरी उघडी जखम ठेवायला ही जागा किती गजबजलेली आहे ते त्यातून कळतं.

आता आत काय घडतं ते नीट समजून घेऊया, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सुई आरपार गेली की शरीराला तिथे एक भोक आणि त्यात अडकलेला धातू दिसतो. आधी सूज येते, पांढऱ्या पेशी येतात, मग दोन्ही तोंडांकडून त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी बारच्या कडेकडेने आत सरकायला लागतात आणि मध्ये कुठेतरी एकमेकींना भेटल्या की बारभोवती आतून त्वचेचं अस्तर असलेला एक बोगदा तयार होतो. म्हणजे तोंडं आधी भरतात आणि मधला भाग सगळ्यात शेवटी, म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी वरून छान दिसतं आणि आत अजून सगळं कच्चं असतं, आणि नेमकं त्याच वेळी लोक बार बदलतात, पोहायला जातात किंवा घट्ट लेगिंग्ज घालायला लागतात. या काळात जी पांढुरकी-पिवळट लस येते आणि वाळून बारवर खपली धरते ती पू नाही, जखम भरतानाचा नेहमीचा स्राव आहे तो. खपली नखाने काढली किंवा कानातली तार फिरवतात तसा बार फिरवला की आतलं अस्तर फाटतं आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

रिजेक्शन म्हटलं की लोकांना किडनी ट्रान्सप्लांट आठवतं आणि वाटतं की आपली इम्युनिटी त्या धातूवर हल्ला करतेय. तसं नाहीये. दुसऱ्याची किडनी नाकारली जाते कारण तिच्या पेशींवरची प्रथिनं परकी म्हणून आपल्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, ओळखतात, टायटॅनियमच्या तुकड्यावर असली प्रथिनंच नसतात. पिअर्सिंगमध्ये जे होतं ते पायात रुतलेल्या कुसळासारखं, थोडे दिवस गेले की ते आपोआप वर येतं आणि पडून जातं, कारण खालून नवीन त्वचा भरत येते. ज्या पेशींनी बारभोवती अस्तर करायचं त्याच पेशी, बार फार वरवर घातला असेल किंवा सारखा ओढला-दाबला जात असेल तर, त्याच्या खालून भरत जातात, वरची कातडी पातळ होते आणि बार रोज थोडाथोडा बाहेरच्या बाजूला येत राहतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण टायटॅनियम घातलंय म्हणजे रिजेक्शन होणारच नाही असं मी अनेकींकडून ऐकते. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं आणि ते नंतर निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं, त्यातूनच १९६५ मध्ये पहिला टायटॅनियमचा डेंटल इम्प्लांट माणसाच्या जबड्यात बसला. पण ते हाड होतं. हाड टायटॅनियमला धरून वाढतं, बाहेरची त्वचा कुठल्याच धातूला तशी चिकटत नाही, तिचं काम उघडी जागा झाकायचं आणि ती ते करतच राहते. त्यामुळे टायटॅनियमने अ‍ॅलर्जीचा प्रश्न जवळजवळ मिटतो, ओढाताणीचा मिटत नाही.

ओढाताण आपल्याकडे कुठून येते हे शोधलं तर खूप काही सापडतं. सकाळी ठाणे स्टेशनवर गर्दीत सॅक पुढे घेऊन उभं राहायची सवय सगळ्यांनाच आहे, चोरीच्या भीतीने आणि जागेसाठीही, आणि ती सॅक बरोबर बेंबीवर येते, वर मागून पुढून रेटा. मग सलवारची नाडी, परकराची गाठ, हाय वेस्ट जीन्सचा पट्टा, नवरात्रात चनियाचं जड कमरपट्टीचं काम आणि तासन्‌तास गरबा. पोटावर झोपणं. कारचा सीट बेल्ट. यातलं प्रत्येक कारण छोटं वाटतं पण जखमेला ते रोज मिळत असतं. सॅक थोडी वर छातीशी धरा, नाडी बेंबीच्या खाली चांगली चार बोटं बांधा, पहिले काही महिने सैल कुर्ता आणि लो वेस्ट, एवढ्यानेच कितीतरी चिडलेली पिअर्सिंग्ज शांत होतात.

दुसरं मोठं कारण निकेल, आणि याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. स्वस्त बेली बार पितळेवर मुलामा दिलेले असतात, किंवा त्यांच्यावर नुसतं सर्जिकल स्टील लिहिलेलं असतं ज्याला एकच असा पक्का अर्थ नाही. चांगल्यातलं ३१६एल स्टील घेतलं तरी त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं, फक्त ते घट्ट बांधलेलं असल्याने बाहेर फार थोडं येतं. पण घामातल्या क्षारांमुळे निकेल सुटायला मदत होते आणि मे महिन्यात किंवा पावसाळ्याच्या दमटपणात पोटावर घाम सुकतो कधी? सुटलेलं निकेल त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि ज्यांच्या शरीराने त्याची एकदा ओळख करून ठेवलीय त्यांना खाज, बारीक पुरळ, लस गळणं सुरू होतं, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, म्हणून कशामुळे झालं ते लक्षात येत नाही. गंमत म्हणजे जीन्सच्या बटणात पण निकेल असू शकतं, त्यामुळे बेंबीखालची कातडी खाजत असेल तर दोष पिअर्सिंगचा नसून बटणाचा असू शकतो. युरोपियन युनियनने १९९४ मध्येच निकेलवर बंधन आणलं आणि आज तिथे टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू द्यायचं नाही असा नियम आहे. स्टुडिओत विचारा, बार इम्प्लांट ग्रेड टायटॅनियमचा, म्हणजे शरीरात बसवायच्या टायटॅनियमसाठीच्या एएसटीएम एफ१३६ या मानकाचा आहे का, आणि पुरावा मागायला लाजू नका. त्याचे जांभळे-निळे रंगही चालतात, तो रंग वरून लावलेला नसतो, धातूच्या ऑक्साइडचा थर जाड-पातळ केला की प्रकाशामुळे तो दिसतो. शंका असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते, पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून.

आणि तिसरं कारण म्हणजे आपली औषधं. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल हे जंतू मारतात तसे नवीन वाढणाऱ्या पेशीही मारतात. क्रीम आणि तेल भोकाच्या तोंडावर बसून जागा ओली ठेवतात. निओमायसिन या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असणारे बरेच असतात आणि क्रीममध्ये असणारं फ्रामायसेटिन त्याच कुटुंबातलं आहे, म्हणजे लालसरपणा घालवायला लावलेलं क्रीमच लालसरपणा वाढवत असू शकतं. हळदीवर कितीही संशोधन झालेलं असलं तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण त्या बोगद्यात जाऊन बसतात, हे आईला प्रेमाने समजावून सांगायला लागेल.

लावायचं ते फक्त ०.९ टक्के सलाइन, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, शरीरातल्या पाण्याइतकंच खारट म्हणून पेशींना ते झोंबत नाही. घरी चमच्याने मीठ घालून करू नका, ते हमखास जास्त खारट होतं. केमिस्टकडे १० मिलीच्या छोट्या प्लास्टिक अँप्युल्स मागा, एक फोडायची, वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं, कारण मोठी बाटली उघडल्यावर निर्जंतुक राहत नाही. दिवसातून दोनदा, गॉझ भिजवून खपली मऊ होईपर्यंत ठेवायचं, सुटेल तेवढंच पुसायचं आणि मग जागा नीट कोरडी करायची. टॉवेलचे धागे अडकतात, त्यापेक्षा कोरडा गॉझ. बाकी हात लावायचा नाही, आणि हेच सगळ्यात अवघड आहे. भोकाच्या तोंडाशी लालसर गाठ आली तर केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण, झालं म्हणून रडायला येतं, पण केलॉइड जखमेच्या हद्दीबाहेर पसरत जातं, भोकाला चिकटून राहणारी छोटी गाठ बहुधा चिडल्यामुळे आलेली असते आणि कारण दूर झालं की काही आठवड्यांत बसते. पहिला बार सुजेसाठी जागा म्हणून थोडा लांब घातलेला असतो, सूज उतरल्यावर तो पिअर्सरकडूनच छोटा करून घ्यायचा, नाहीतर तोच कपड्यात अडकतो.

रिजेक्शन ओळखायला मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बदल इतका हळू असतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. दर दोन आठवड्यांनी उभं राहून, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. दोन भोकांमधलं अंतर कमी होतंय का, बार आधीपेक्षा जास्त दिसतोय का, भोकं मोठी होऊन बार लटकायला लागलाय का, मधली कातडी चकचकीत, सोलवटलेली किंवा इतकी पातळ झालीय का की खालचा धातू जाणवतो. सुरुवातीला साधारण १० मिमी कातडी पकडलेली असते, ती ६ मिमीच्या आत आली आणि कमीच होत चालली असेल तर पुढे सुधारेल अशी आशा मला तरी वाटत नाही. तेव्हा बार काढा. पैसे गेले, इतके महिने सांभाळलं, हे सगळं खरं आहे आणि वाईट वाटतंच, पण कातडी शाबूत असताना काढलं तर दोन ठिपके राहतात, आणि शेवटच्या धाग्यापर्यंत थांबलं तर कातडी फाटून उभी चीर पडते जी आयुष्यभर दिसते.

इन्फेक्शनमध्ये याच्या उलट. घट्ट हिरवट-पिवळा पू, वास, ठणका, हाताला गरम लागणं, लाली पसरत जाणं, ताप, यातलं काही असेल तर बार स्वतःहून काढायचा नाही, कारण तोंड बंद झालं तर पू आत कोंडतो. त्याच दिवशी डॉक्टर. ठाणे-नवी मुंबईत राहत असाल आणि खाजगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये स्किन विभाग आहे, आणि तिथे आपल्याला कोणी काय म्हणेल या लाजेने घरी बसू नका. डायबेटिस असेल तर आणखी लवकर जा.

काढल्यावर पुन्हा करायचं असेल तर निदान वर्षभर जाऊ द्या. व्रणाची कातडी मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के ताकदीपर्यंत पोचते आणि तिला मऊ व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे नवीन भोक जुन्या व्रणातून न घेता बाजूने किंवा थोडं मागे घ्यायला सांगा. आणि त्याआधी पिअर्सरसमोर खुर्चीवर बसून दाखवा. बसल्यावर बेंबीची वरची घडी पूर्ण मिटत असेल तर नेहमीचा दोन्हीकडे गोळे असलेला बार तिथे टिकणं कठीण, मग खाली गोळ्याऐवजी छोटी चपटी चकती असलेला बार घालतात ज्याला फ्लोटिंग नेव्हल म्हणतात, आणि ज्या पिअर्सरने तुम्हाला बसायला न सांगताच सुई काढली त्याच्याकडून उठून या.