पट्टा एक, डुकरं दोन: सॅडलबॅक आणि हॅम्पशायर

काळंभोर अंग आणि खांद्यांवरून पुढच्या दोन्ही पायांवर उतरलेला पांढरा पट्टा. इंग्लंडात दोन-तीन एकरांवर डुकरं पाळायला निघालेला माणूस असं पिल्लू पाहतो आणि तिथेच भाळतो. पण ते ब्रिटिश सॅडलबॅक की हॅम्पशायर, हे पट्टा सांगत नाही. ते कान सांगतात. सॅडलबॅकचे कान डोळ्यांवर पुढे झुकलेले असतात, हॅम्पशायरचे ताठ उभे. सॅडलबॅकच्या नाकाडावर, शेपटीच्या टोकाला, मागच्या पायांवरही कधी कधी पांढरं दिसतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे कान मात्र एवढेसे असतात, त्यावरून काही ठरवू नका. आईकडे पाहा.

नावांनी गोंधळ आणखी वाढवलाय. हॅम्पशायर परगण्यातल्या न्यू फॉरेस्टचं खरं डुक्कर म्हणजे वेसेक्स सॅडलबॅक. 1967 मध्ये वेसेक्स आणि एसेक्स या दोन जाती एकत्र करून ब्रिटिश सॅडलबॅक झाली. ‘हॅम्पशायर’ नावाची जात मात्र घडली अमेरिकेत, केंटकीत. इंग्लंडातून गेलेल्या पट्टेवाल्या डुकरांपासून ती तिथे वाढली आणि पुढे इंग्लंडला परत आली.

पट्ट्यावर विश्वास न ठेवण्याचं मोठं कारण वेगळंच आहे. पट्ट्याचं जनुक प्रबळ असतं. जातिवंत पट्टेवाला नर साध्या काळ्या डुकरिणीला लावला, तरी पिल्लं पट्टा घेऊनच जन्मतात. म्हणजे अर्ध्या रक्ताचं पिल्लूही देखणं सॅडलबॅक म्हणून समोर उभं राहू शकतं. संकरात कान बहुधा धड उभे ना धड पडलेले, असे मध्येच राहतात. तसं दिसलं की शंका घ्यायची. पैदाशीसाठी जनावर घेत असाल तर नोंदणीचा कागद आणि कानावरची खूण जुळवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण चुकीची मादी आली की चूक एका पिल्लाची राहत नाही, अख्ख्या कळपाची होते.

आता काम कोणतं, ते पाहू. सॅडलबॅक ही आई म्हणून नावाजलेली. स्वभाव शांत, दूध भरपूर, उघड्या कुरणावर राहायला काटक. खाणं जास्त झालं तर चरबी मात्र पटकन धरते. हॅम्पशायर अंगाने सडसडीत आणि मांसल, म्हणून तिचा नर संकरासाठी वापरतात. भारतातही तेच झालं: गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू ही देशी जात यांच्या संकरातून ‘राणी’ हे डुक्कर तयार केलं.

हॅम्पशायर नर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा. या जातीत ‘आरएन’ नावाचा जनुकीय दोष बराच आढळतो. तो असला की स्नायूंत ग्लायकोजेन (साठवणीची साखर) फार साठतं, कापल्यावर मांस नेहमीपेक्षा जास्त आम्ल होतं आणि पाणी धरत नाही. शिजवून हॅम (मांडीचं खारवलेलं मांस) केलं की वजन घटतं. हा दोषही प्रबळ, एकट्या बापाकडून आला तरी पुरतो. नराची चाचणी झालीय का, ते आधी पाहा.

दोनच माद्या ठेवायच्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सॅडलबॅक घ्या. निवडताना मादीला कुशीवर झोपू द्या आणि सड मोजा. बाराच्या खाली नकोत, चौदा असले तर उत्तम. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, एकही आत दबलेला नको. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं आणि दर वेळी त्यालाच जाऊन लुचतं. सड कमी पडले की एखादं पिल्लू खुरटतं.

दोन माद्यांसाठी नर पोसणं परवडत नाही, कृत्रिम रेतन करून घेतलेलं बरं. माज साधारण 21 दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. पाठीवर दोन्ही तळवे टेकून जोर द्या. माजावर आलेली डुकरीण पळत नाही, कान ताठ करून जागच्या जागी उभी राहते. सॅडलबॅकचे लोंबते कान ताठ होताना चटकन दिसत नाहीत, म्हणून तिच्या पायांकडे लक्ष ठेवा. गाभ राहिली की 114 दिवसांनी विते. रेतनाची तारीख त्याच दिवशी गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.