स्नोस्कूटर सफर, स्वालबार्ड

बर्फावर चालणाऱ्या स्नोस्कूटरने, वाटाड्याच्या मागोमाग, सकाळी निघून संध्याकाळी परतायची सफर. आर्क्टिकमध्ये अशा सफरी अनेक ठिकाणी निघतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात मात्र एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेणारा रस्ताच नाही. ७८ अंश उत्तर अक्षांशावरचे लाँगइयरब्येन हे तिथले मुख्य गाव. वस्ती सुमारे अडीच हजार. गाव सोडले की थोड्याच अंतरावर रस्ता संपतो. तिथून पुढे हिवाळ्यात स्कूटर आणि उन्हाळ्यात बोट. त्यामुळे इथल्या लोकांसाठी स्कूटर हे आधी गरजेचे वाहन आहे, मौज त्यानंतरची.

स्कूटरला पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असतो. उजव्या अंगठ्याखाली वेग वाढवणारी कळ म्हणजे थ्रॉटल, डाव्या हाताला ब्रेक; गिअर बदलावे लागत नाहीत. पकडायच्या मुठी विजेने गरम राहतात. चालकाच्या अंगावर एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होते. कॅनडातील जोसेफ-आर्मंड बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये बाजारात आणलेल्या हलक्या ‘स्की-डू’मुळे हे वाहन जगभर पसरले.

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. नंतरही डोंगर आड येत असल्याने गावात ऊन पोहोचायला ८ मार्च उजाडतो, आणि त्या सुमारास गावात आठवडाभर उत्सव असतो. मार्च-एप्रिल हाच सफरींचा खरा हंगाम. पश्चिमेला बारेंट्सबर्ग ही रशियन खाणवस्ती आहे. जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर. उत्तरेला १९९८ मध्ये खाण बंद पडून ओस झालेले पिरामिडेन. पूर्व किनाऱ्याची वाट सर्वांत देखणी: आड्वेंटडालेन आणि सासेनडालेन या रुंद दऱ्या, मग हिमनदी, आणि पलीकडे गोठलेला समुद्र.

थंडीपेक्षा वारा जास्त छळतो. उणे २० अंशांत ताशी ५० किलोमीटरने गेले, तर उघड्या त्वचेला उणे ३५ जाणवते. म्हणून आत लोकरीचे कपडे, वर जाड स्कूटर-सूट, तोंडभर टोपी आणि हेल्मेट. सुती बनियन घालू देत नाहीत, कारण घामाने भिजले की ते वाळत नाही. दुपारी स्कूटरच्या आडोशाला जेवण होते. सुकवलेल्या अन्नाच्या पाकिटात थर्मासमधले उकळते पाणी ओतायचे, तोंड मिटायचे आणि शिजेपर्यंत ते पाकीट दोन्ही तळव्यांत धरून बसायचे. जेवणापेक्षा त्या उबेचेच सुख मोठे. सोबत काळ्या मनुकांसारख्या बेरीचे गरम सरबत.

वाटाड्याने उमटवलेला माग सोडायचा नाही, हा सफरीचा पहिला नियम. हिमनदीवर भेगा बर्फाखाली झाकलेल्या असतात. आभाळ भरून आले की जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होते, पुढचा खड्डा डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा पुढच्या स्कूटरचा लाल दिवा हाच आधार. ध्रुवीय अस्वलांसाठी वाटाड्याजवळ इशाऱ्याचे पिस्तूल आणि रायफल असते, पण अस्वलापासून दूर राहणे हीच खरी खबरदारी. २०२५ पासून किमान अंतर ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर राखावे लागते. रेनडिअरच्या मागे स्कूटर घालणे हा तर निव्वळ क्रूरपणा: हिवाळाभर उपाशीतापाशी जगणाऱ्या जनावराची उरलीसुरली चरबी त्या धावपळीत खर्ची पडते.

स्वालबार्डशी गोव्याचाही धागा आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र नी-ऑलसुंड इथले ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र २००८ पासून चालवते. तिथे जाणारे भारतीय शास्त्रज्ञ लाँगइयरब्येनहूनच पुढे जातात.

फ्योर्डांवरचा, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांवरचा, बर्फ आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. वाटाडे तो छेदून जाडी मोजतात आणि शंका आली तर जमिनीवरून वळसा घेतात. सीलची पिल्ले याच बर्फावर जन्मतात, म्हणून १ मार्चनंतर टेंपलफ्योर्डसारख्या काही ठिकाणी त्यावर मोटारवाहनांना मज्जाव आहे. ओलांडायचेच झाले तर सर्वांत जवळच्या सुरक्षित वाटेने. हिमनदीच्या निळ्या कड्यापर्यंत पूर्वी स्कूटर जात असत, आता तो कडा किनाऱ्यावरून पाहावा लागतो.